लावणींतील आवाज कोणाचा?

'हंगाम' हा शब्द उच्चारला कीं, सातारा-सांगलीकडच्या मनुष्यास प्रथम आठवतें तें उंसाचें गाळप, मग सांगलीच्या पेठेंतील हळद, आणि तिसरा, चार लोकांत जरा संकोचानेंच सांगावयाचा, तो तमाशा. विजयादशमीस फड बाहेर पडावयाचे, चैत्र-वैशाखांत गांवोगांवच्या जत्रा गाजवावयाच्या आणि बुद्धपौर्णिमेच्या आगेंमागें तंबू गुंडाळून घरीं परतावयाचें, असा त्यांचा ठरलेला क्रम आहे. मोठ्या शहरांतील नृत्यसंस्थाहि आपल्या वर्षाच्या कार्यक्रमांस हंगामच म्हणतात. कोणकोणते नर्तक आणावयाचे, सगळ्यांस मिळून सूत्र कोणतें, हें त्या कांहीं महिने आधीं छापून जाहीर करितात. अलीकडे देशोदेशींच्या अशा पत्रकांत एक आश्वासन वारंवार आढळूं लागलें आहे. यंदाचा हंगाम, ज्यांचा आवाज आजवर ऐकूं आला नाहीं, त्यांच्यासाठीं आहे, असें तें आश्वासन. हेतु चांगला आहे यांत शंका नाहीं. परंतु नाचणाऱ्याचा आवाज म्हणजे काय, आणि तो ऐकावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, याचा उलगडा पत्रकांत सहसा होत नाहीं. आपल्या या दोन जिल्ह्यांत असा हंगाम योजावयाचें कोणी मनांत आणलें, तर त्यास कोणत्या गोष्टी ठाऊक असाव्या, एवढ्यापुरतेंच आज बोलावयाचें आहे.

दोन जिल्हे म्हटले खरे, पण १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा निघाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तमाशाच्या फडांनीं ही वाटणी कधींच मनावर घेतली नाहीं.

सांगलीस आपण नाट्यपंढरी म्हणतों. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं 'सीतास्वयंवर' केलें. तो दिवस मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो, आणि भावे यांच्या नांवाचें गौरवपदकहि त्याच दिवशीं दिलें जातें. हें सर्व यथायोग्य आहे. आतां दुसरी गोष्ट ऐका. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं, १८६५ च्या सुमारास, तासगांव तालुक्यांतील सावळज येथील उमा-बाबू या मांग समाजांतील जोडीनें 'मोहना-बटाव' हा वग उभा केला. तमाशांत तोंवर गण होता, गौळण होती, लावण्या होत्या. त्यांच्या जोडीस सलग कथानक आणणारा हा पहिला वग समजला जातो. आज हीं दोन्ही स्थळें एकाच जिल्ह्यांत मोडतात. एका प्रयोगाची तिथि शाळेंतील मुलांसहि पाठ आहे. दुसऱ्याचें साल सांगतांना 'सुमारास' हा शब्द घालावा लागतो. ज्यांचा आवाज ऐकूं आला नाहीं असे लोक शोधण्यासाठीं आपल्याला फार दूर जावयास नको, तें यासाठीं.

तथापि सावळजच्या जोडीचें निदान नांव तरी उरलें. नाचणाऱ्या स्त्रीचें प्रकरण याहून बिकट आहे, आणि तें समजण्यासाठीं लावणीची रचना थोडी पाहिली पाहिजे.

लावणी ही बहुधा स्त्रीच्या मुखीं घातलेली असते. तीच रुसते, तीच वाट पाहते, टोमणे मारते, मनधरणी करते. हे शब्द लिहिले कोणीं? होनाजी गवळी होता, सगनभाऊ शिकलगार होता, परशराम शिंपी होता, राम जोशी ब्राह्मण होता. जाति निरनिराळ्या, परंतु एकजात पुरुष! शिवाय शेवटच्या कडव्यांत कवीनें आपलें नांव गुंफावें अशी रीत आहे. म्हणजे गाणारी स्त्री रात्रीमागून रात्र स्वतःच्या तोंडानें दुसऱ्याचें नांव घेऊन गाणें संपविते, आणि तिचें स्वतःचें नांव त्या गाण्यांत कोठेंच नसतें. बोलते ती स्त्री, पण बोल दुसऱ्याचे, अशी ही चमत्कारिक मांडणी आहे. (नांवाची ही गंमत पुरुषांच्या वांट्यासहि थोडी आली. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ वगांतील दोन हवालदारांच्या नांवांनीं इतके गाजले कीं, महाराष्ट्र त्यांस काळू-बाळू म्हणूनच ओळखूं लागला.)

याचें आपल्याकडील ठळक उदाहरण पठ्ठे बापूरावांचें. रेठरे हरणाक्ष हें वाळवा तालुक्यांतील गांव. तेथील कुलकर्णी घराण्यांत १८६६ सालीं जन्मलेले श्रीधर कृष्णाजी वतनाची दप्तरें सोडून तमाशांत शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्या काळीं ब्राह्मणाच्या मुलानें असें करणें म्हणजे घर आणि जात दोहोंस मुकणें होतें. तें त्यांनीं पत्करलें, हें मानलें पाहिजे. पुढें त्यांच्या फडांत पवळा आली. ती संगमनेरजवळच्या हिवरगांवची, महार समाजांतील. तोंवर तमाशांतील स्त्रीचें काम बहुधा नाच्या पोऱ्या करीत असे. तमाशांत उभ्या राहून नांवारूपास आलेल्या पहिल्या स्त्रियांत पवळेची गणना होते. लोकांच्या तोंडीं बापूराव-पवळा ही जोडी बसली. पण जोडीतील एकाच्या लावण्यांचे संग्रह छापले गेले, त्याचीं चरित्रें लिहिलीं गेलीं. दुसरीविषयीं काय उरलें, तर ती फार सुंदर होती, ही आठवण. ती कोणती ओळ कशी म्हणे, कोठें थांबे, कोणाकडे पाही, हें कोणी टिपून ठेवण्याच्या योग्यतेचें मानलें नाहीं. माझ्या मतें तिचा आवाज होता तो तेथेंच होता.

बापूरावांसंबंधीं आणखी एक हकीकत प्रसिद्ध आहे, आणि ती सोडून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनीं आपल्या खेळांच्या उत्पन्नांतून अस्पृश्योद्धाराच्या कार्यास मदत देऊं केली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ती नाकारली, असें सांगतात. महार स्त्रियांस नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच उद्धारास नको, असा त्या नकाराचा अर्थ. शैलजा पाईक यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत तमाशा, जात आणि स्त्रीची प्रतिष्ठा यांचा जो विचार केला आहे, तो याच प्रश्नाभोंवतीं फिरतो. जी कला आपण आज मखरांत बसवूं पाहतों, तिच्यांत शिरावें कीं न शिरावें, हें ठरविण्याची मोकळीक त्या मुलींस नव्हती. कलेचें कौतुक करावें, तर त्या सक्तीचें कौतुक केल्यासारखें होतें. कला टाकावी, तर त्या सक्तींतूनहि ज्यांनीं अपूर्व असें कांहीं निर्माण केलें, त्यांस पुन्हां एकदां पुसून टाकल्यासारखें होतें. हंगाम योजणाऱ्यापुढें खरा पेंच आहे तो हा.

अण्णा भाऊ साठे यांनीं हा पेंच निराळ्या रीतीनें सोडविला. वाळवा तालुक्यांतीलच वाटेगांवीं १९२० सालीं जन्मलेल्या या शाहिरानें गणांतील गणेशवंदना काढून तेथें मातृभूमीचें व कष्टकऱ्यांचें वंदन आणलें, गौळण गाळली आणि तमाशाचें लोकनाट्य केलें. श्रमिकांस त्यानें वाचा मिळाली. मात्र गौळण गेली तिच्याबरोबर नाचणाऱ्या स्त्रीची जागाहि आकसली, हेंहि म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. शब्द दुसऱ्याचे, चाल बहुधा परंपरेची, वेळ व पैसा पाहणाऱ्याच्या हातीं. मग त्या स्त्रीचें स्वतःचें असें काय राहिलें? याचें उत्तर बैठकीच्या लावणींत आहे.

तमाशाचे दोन मुख्य प्रकार आपणांस ठाऊक असतील. ढोलकीफडाचा तमाशा फिरता असतो. त्यांत गण-गौळणीपासून वगापर्यंत सर्व कांहीं येतें, मागें झीलकरी उभे असतात आणि हलगी-ढोलकीचा कडकडाट असतो. दुसरी संगीत बारी. बारी म्हणजे पाळी. एकाच थिएटरांत अनेक पार्ट्या मुक्कामास असतात आणि रात्रीं एकामागून एक आपापल्या पाळीनें गातात, नाचतात. पुण्याचें आर्यभूषण किंवा सोलापूर जिल्ह्यांतील मोडनिंबचीं थिएटरें यांसाठीं प्रसिद्ध आहेत. या बारींतच, सर्वांपुढील नाच आटोपल्यावर, मोजक्या रसिकांसमोर बसून म्हणावयाची जी लावणी, ती बैठकीची. पायांत चाळ असले तरी पाय मुडपलेले, साथीस पेटी आणि तबला, लय संथ. नाच उरतो तो डोळ्यांत, मानेंत, मनगटांत आणि पदराच्या टोकांत. याला अदा म्हणतात.

नभोवाणीवर मला ही अदा दाखवितां येत नाहीं, वर्णनच करावें लागतें. त्याबद्दल क्षमा असावी. अशी एक ओळ कल्पा कीं, तिच्यांत नुकताच आलेला पुरुष जावयास निघाला आहे आणि स्त्री त्यास थांबवीत आहे. शब्द चार-पांचच. पहिल्यांदा ती ओळ येते, तेव्हां ती साधी विनवणी असते. दुसऱ्यांदा तेच शब्द येतात, पण भुवई किंचित् वर जाते आणि विनवणीचा टोमणा होतो: थांबणार नाहींस हें मला ठाऊक आहे. तिसऱ्यांदा तिची नजर त्याच्या खिशाकडे जाते आणि सारी बैठक हंसते. चौथ्यांदा ती त्याच्याकडे पाहतच नाहीं; पेटीवाल्याकडे वळून म्हणते, जणूं आपल्या माणसापाशीं गाऱ्हाणें. पांचव्यांदा समोर कोणीच नाहीं अशा शून्य दृष्टीनें ती ओळ म्हटली जाते, आणि मघां हंसलेले लोक खालीं पाहूं लागतात. कवीनें एकच ओळ लिहिली होती. उरलेल्या चार तिच्या आहेत. त्या कोणत्या क्रमानें यावयाच्या, किती वेळ थांबावयाचें, समोरच्या मंडळींस आज कितपत बोचावयाचें, हें सर्वस्वीं तिचें. कवीची नाममुद्रा अखेरीस येते खरी, पण तोंवर सांगावयाचें तें तिनें सांगून टाकलेलें असतें.

या विद्येच्या आपल्या भागांतील थोर अधिकारी म्हणजे यमुनाबाई वाईकर. ३१ डिसेंबर १९१५ रोजीं वाईच्या परिसरांत कोल्हाटी समाजांतील गरीब घरीं त्यांचा जन्म झाला. पहिले धडे आई गीताबाईंकडून मिळाले. लहानपणीं मायलेकींनीं रस्त्यावर नाचूनहि पोट भरलें. पुढें बहिणींसह त्यांनीं यमुना-हिरा-तारा वाईकर ही संगीत पार्टी काढली. पार्टीच्या नांवांत तिघींचींहि नांवें आहेत, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पंडित बिरजू महाराजांसारख्या कथकाच्या आचार्यांनींहि त्यांच्यासमवेत कार्यक्रम केला, आणि त्यांत आश्चर्य वाटण्याजोगें कांहीं नाहीं, कारण एकाच बोलावर भावांचे पदर चढविण्याची रीत ठुमरी आणि बैठकीची लावणी यांना समान आहे. १९७७ सालीं यमुनाबाईंस संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक मिळालें, २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजीं वाईंत त्या निवर्तल्या, तेव्हां त्यांनीं वयाचीं १०२ वर्षें पुरीं केलीं होतीं. पद्मश्री येईपर्यंत त्यांचें वय सत्त्याण्णवीकडे झुकलें होतें, हा हिशोब प्रत्येकानें मनांतल्या मनांत करून पाहावा.

दिरंगाईपेक्षांहि मला दुसरी भीति अधिक वाटते. ती अशी कीं, कला प्रतिष्ठित व्हावी आणि ती जपणारीं माणसें मात्र बाहेर राहावीं. मद्रासकडे हें घडून गेलें आहे. तेथील देवदासींच्या घराण्यांत चालत आलेलें नृत्य विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत भरतनाट्यम् या नांवानें सुशिक्षित घरांत शिरलें. १९३६ सालीं अड्यार येथें रुक्मिणीदेवींनीं कलाक्षेत्र स्थापन केलें. १९४७ सालीं देवदासींच्या चालीस कायद्यानें बंदी झाली. ती चाल गेली हें उत्तमच झालें. परंतु त्या घराण्यांतील स्त्रियाहि रंगमंचावरून बहुतांशीं दिसेनाशा झाल्या. बालसरस्वतींसारखी एखादी, जिच्या अभिनयापुढें जग नमलें, तेवढी अपवाद. अमेरिकेंत उलट प्रकारचें एक उदाहरण आहे. आल्विन एली या कृष्णवर्णीय नर्तकानें १९५८ सालीं न्यूयॉर्क येथें आपली मंडळी काढली आणि १९६० सालीं, टेक्सासमधील लहानपणीं देवळांत ऐकलेल्या भक्तिगीतांवर 'रेव्हलेशन्स' ही नृत्यरचना बसविली. तेथें स्मरणहि त्याचेंच, रचनाहि त्याचीच आणि मंडळीहि त्याचीच होती. कोणी मोठ्या मनानें त्यास बोलावलें म्हणून तो बोलला नाहीं.

लावणी आज या दोन वाटांच्या तोंडाशीं उभी आहे. शहरांतल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत ती नाचली जाते, स्पर्धा होतात, नऊवारी व नथ भाड्यानें मिळते. हें वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. पण या सर्वांत लावणी चार-पांच मिनिटांची झाली, लय दुप्पट झाली आणि ओळ पुन्हां म्हणण्यास जागाच उरली नाहीं. म्हणजे नेमकी तिची जागा गेली. याच्या उलट, सावित्री मेधातुल यांचा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट, भूषण कोरगांवकर यांचें २०१४ सालीं आलेलें 'संगीत बारी' हें पुस्तक, आणि दोघांनीं मिळून त्याच नांवानें रंगमंचावर आणलेला कार्यक्रम यांत शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या जाणत्या कलावंतांस गाण्याइतकाच बोलण्यासहि अवकाश दिलेला आहे. जेथें पूर्वीं केवळ पुरुषच बसत, तेथें कुटुंबें बसून दाद देतात. योजणाऱ्यानें पुष्कळ मागें सरून उभें राहावें, हें या मंडळींकडून शिकण्यासारखें आहे.

तर मग सातारा-सांगलीचा हंगाम कसा असावा? माझी पहिली सूचना काळाविषयीं आहे, आणि ती ऐकून कोणी हंसेल. तो पावसाळ्यांत असावा. वैशाखांत फड मिटले कीं, दसऱ्यापर्यंत कलावंतांस मिळकत नसते. घरखर्च, मुलांची शाळा, आजारपण हें सर्व फडमालकाकडून घेतलेल्या उचलीवर चालतें आणि ती उचल पुढच्या हंगामांत नाचून फेडावी लागते. ज्यांनीं उचल घेतली, त्यांस फड निवडण्याची किंवा नको म्हणण्याची मोकळीक कितपत राहील, हें सांगावयास नको. २०२० सालीं तर गुढीपाडव्याच्याच दिवशीं, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि चैत्राच्या जत्रा एकाएकीं बुडाल्या. पुढच्या वर्षींहि तेंच झालें. त्या दोन वर्षांनीं किती घरें कर्जांत ढकललीं, याची कल्पनाच केलेली बरी. आषाढ-श्रावणांत साताऱ्याचें शाहू कलामंदिर किंवा सांगलीचें भावे नाट्यमंदिर येथें बैठका ठेवल्या, तर फडाचें नुकसान न होतां कलावंतांच्या रिकाम्या महिन्यांत पैसा येईल. मात्र मानधन त्यांच्याच हातीं, रोख आणि आधीं पोंचावें. उचलीच्या खात्यांत परस्पर वळतें होतां कामा नये. जत्रेच्या दिवसांत शहरांत 'गौरवसोहळा' ठेवून एका शालीच्या बदल्यांत त्यांची कमाईची रात्र खाण्याचा प्रकार मला तरी सोसत नाहीं.

दुसरें, काय म्हणावयाचें तें त्यांनीं ठरवावें. आपल्याला ऐकून माहीत असलेल्या चार लावण्यांची फर्माईश करण्याचा मोह होतो. पैसा फेंकून गाणें निवडण्याची जुनी तऱ्हा आणि निमंत्रणपत्रिकेंत गाणें निवडण्याची नवी तऱ्हा यांत मला फारसा फरक दिसत नाहीं. एखादी म्हणेल, मी गाणार नाहीं, पेटीवर बसेन. एखादी म्हणेल, माझ्या मुलीनें हें शिकूं नये म्हणून मी तिला शाळेंत घातलें, तेवढेंच मला सांगावयाचें आहे. तेंहि त्या हंगामांत बसलें पाहिजे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण कार्यक्रम बिघडतो तो किरकोळीनेंच. ध्वनिवर्धक मंद ठेवावा. एका रात्रीं दोनच कलावंत असावे आणि एका लावणीस अर्धा तास लागला, तर घड्याळाकडे पाहूं नये. भावे नाट्यमंदिरासारख्या मोठ्या गृहांत मागच्या रांगेस डोळे दिसत नाहींत. म्हणून रंगमंचावरच गाद्या घालून शेंदीडशें मंडळी कलावंताभोंवतीं बसवावीं आणि खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या. छापील पत्रकावर कवीचें नांव असतेंच. त्याखालीं गाणारीचें, तिला ज्या आईनें किंवा मावशीनें शिकविलें तिचें, आणि पेटी-तबल्यावर बसलेल्यांचीं नांवें त्याच आकाराच्या टाइपांत असावीं. नांव छापावें कीं नाहीं, छापावयाचें तर कोणतें, हें मात्र छापखान्याकडे मजकूर धाडण्यापूर्वीं तिलाच विचारून घ्यावें. कांहीं जणींचीं मुलें दुसऱ्या गांवीं नोकरीस असतात.